सहा मीटरची बाही

१९ जानेवारी

सिस्टरने बजावलं आहे की काय दिलं, किती दिलं, किती वाजता दिलं, सगळं लिहून ठेवा. दुकानातली मापांची वही पिशवीत होती, तीच उलटी करून मागच्या पानांवर लिहायला घेतली. पुढून गिऱ्हाइकांच्या छात्या आणि कंबरा, मागून बाई.

बाई म्हणजे माझी बायको. चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे ती सगळ्यांची बाई आणि माझीही. मी शिंपी, म्हणून मास्तर. ओळख झाल्यापासून ती मला मास्तर म्हणते, मी तिला बाई म्हणतो. लेक लहान असताना कुणी विचारलं की घरात शिक्षक कोण, तर ती सांगायची, आई बाई आहे, बाबा मास्तर आहे, पण शिकवते फक्त आई.

आठ दिवसांपूर्वी सकाळी भांडी विसळताना तिच्या हातून कप पडला. मी पेपर वाचत होतो, वर बघितलंही नाही. दुसरा पडला तेव्हा उठलो. उजवा हात गेला, पाय गेला, बोलणं गेलं आणि गिळणंही गेलं. गिळणं जाऊ शकतं हे मला माहीतच नव्हतं. नाकातून नळी घातली आहे, ती खाली थेट पोटात जाते.

आठ वाजता २०० मिली. अकराला २००. दोनला २००. रंग फिकट खाकी, शाळेच्या गणवेशाचा असतो तसा.

२२ जानेवारी

आज एक नवीन मुलगी आली. लेकीच्या वयाची असेल. ती फक्त गिळण्याचं बघते. इतक्या एकाच कामाला वेगळा माणूस असतो याचं नवल वाटलं, पण आमच्यातही फक्त बटणांची काजं करणारे असतातच. मी तिला मनात गिळण्याची डॉक्टरीण असं नाव दिलं आहे.

ती मला समजावून सांगायला लागली. काका, तोंडामागे दोन वाटा असतात, एक श्वासाची, एक अन्नाची. घास मागे गेला की श्वासाच्या वाटेवर झाकण पडतं आणि घास अन्ननलिकेत उतरतो. काकूंचं झाकण वेळेवर पडत नाही. पाण्याचा थेंब जरी फुप्फुसात गेला तरी न्यूमोनिया होईल, म्हणून नळी.

मी म्हटलं, ते झाकण मी शिवलं आहे. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू याही माणसाला तपासायला हवं.

२३ जानेवारी

काल तिला नीट सांगता आलं नाही. लिहून ठेवतो.

एक्केचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. दुकान तेव्हा नवं होतं, एकच मशीन. एक बारीकशी बाई आत आली आणि म्हणाली, मास्तर, सहा मीटर लांबीची बाही शिवून मिळेल का? मी विचारलं, कुणाच्या हाताची? ती म्हणाली, हाताची नाही, आतड्याची.

शाळेत पचनसंस्थेचा तक्ता होता, तो कसरीने खाल्लेला. आणि तक्त्यावर मुलांना सगळं चपटंच दिसतं, असं तिचं म्हणणं. तिला कापडाची आख्खी पचनसंस्था हवी होती. तोंडापासून शेवटापर्यंत, आत हात घालून बघता येईल अशी. पुढचे दोन महिने ती शाळा सुटल्यावर रोज दुकानात यायची आणि मी शिकत गेलो. अन्ननलिका पंचवीस सेंटीमीटर, तिला बनियनचं कापड घेतलं, कारण ते ताणतं आणि परत आखडतं. श्वासाच्या वाटेचं झाकण कॉलरच्या कडक कापडाचं. जठराला पिशवी, वर-खाली दोन्ही तोंडांना नाडी. यकृताला जाड तपकिरी कॉर्डरॉय. पित्ताची छोटी हिरवी थैली त्याच्या खाली टाचली.

जठराच्या वेळी मी अडलो होतो. म्हटलं, बाई, तुम्ही सांगता आत आम्ल असतं, मांसही विरघळवतं. मग ते ह्या पिशवीलाच का नाही खात? तिचे डोळे चमकले. म्हणाली, "पंचवीस मुलांच्या वर्गात हा प्रश्न एकालाही पडला नाही. मास्तर, आतून अस्तर असतं. आणि ते चार-पाच दिवसांनी नवं होतं."

अस्तर. हा शब्द तिने माझ्यासाठी वापरला होता हे मला त्या वेळीही कळलं.

दिवसभरात एकूण १२०० मिली.

२७ जानेवारी

कँटीनमध्ये गेलो होतो. तळणीचा वास आला आणि परत वर आलो. ती नळीवर असताना आपण खाली बसून भरल्या ताटावर जेवायचं हे मनाला पटत नाही. चहा घेतला.

लेकीचा फोन. तिची परीक्षा घेण्याची कामं चालू आहेत, पुढच्या महिनाअखेरीला निघते म्हणाली. मला विचारत होती की तू नीट राहतोस ना. दुकान बंद आहे म्हणून काळजी करते आहे. सांगितलं, गिऱ्हाइकं कुठे पळून जात नाहीत.

३१ जानेवारी

पॅन्ट घसरते आहे, दोन चिमटे लावले. जुनं कापड सैल पडतंच.

बाई डाव्या हाताने माझं बोट धरते. तोंडातून शब्द येत नाही, पण डोळे पूर्वीचेच आहेत. वर्गात शेवटच्या बाकावर काय चाललं आहे ते फळ्याकडे तोंड असताना ओळखणारे.

५ फेब्रुवारी

घरी जाऊन कपाटावरून कापडी पचनसंस्थेची पिशवी काढली आणि इथे आणली. निवृत्तीच्या दिवशी शाळेने तिला घड्याळ दिलं, आणि तिने मागून घेतलं ते हे. वरचं बनियनचं कापड पिवळं पडलं आहे, दोन ठिकाणी टाके उसवलेत.

गिळण्याची डॉक्टरीण बघतच राहिली. पलंगावर सगळं पसरलं. लहान आतडं पलंगाच्या पायथ्याशी येऊन खाली लोंबायला लागलं, शेजारच्या पेशंटची बहीणसुद्धा उठून आली. मी डॉक्टरणीला आतड्यात हात घालायला लावलं. आतून मखमल आहे. बाईने त्या वेळी मखमलच पाहिजे म्हणून धरून ठेवलं होतं. मी म्हणत होतो, आत कोण बघतंय, साधं अस्तर लावतो. तर म्हणाली, मास्तर, खरं काम आतच आहे. मखमलीचे धागे उभे असतात तसे आतड्याला आतून बारीक बारीक उंचवटे असतात, त्यामुळे जागा वाढते, आणि त्या जागेतून अन्न रक्तात जातं. तोंडात नाही, जठरात नाही, तिथे. तोवर जे खाल्लं ते फक्त आपल्या आत असतं, आपलं झालेलं नसतं.

दरवर्षी ती वर्गात फळ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत हे आतडं पसरायची आणि मुलं दोन्ही बाजूंनी धरून उभी राहायची. मी एकदा बघायला गेलो होतो. एका मुलीने विचारलं की उलटं उभं राहून खाल्लं तर घास वर येईल का. बाई म्हणाली, करून बघ. ती मुलगी भिंतीला पाय लावून डोक्यावर उभी राहिली, मैत्रिणीने तिला केळ्याचा तुकडा भरवला, आणि घास बरोबर पोटात गेला. अन्ननलिका घास ढकलत नेते, लाटेसारखी, तो नुसता पडत नाही. मुख्याध्यापकांनी बाईला बोलावून घेतलं. बाई म्हणाली, पुन्हा नाही करणार. पुढच्या वर्षी पुन्हा केलं.

हे सांगताना मी बाईकडे बघत होतो. तोंडाचा डावा कोपरा वर गेला.

६ फेब्रुवारी

आजपासून तोंडाने सुरुवात. घट्ट केलेलं फळांचं सार, अर्धा चमचा. हनुवटी छातीकडे, मग गीळ. पहिला गेला. दुसऱ्याला खोकला.

९ फेब्रुवारी

तीन चमचे. घरी जाऊन पॅन्टची कंबर दीड इंच आत घेतली. हल्लीच्या पॅन्टच्या कापडात दम नाही.

१३ फेब्रुवारी

आज तिचं गिळणं मी डोळ्यांनी बघितलं.

खालच्या मजल्यावर व्हिडिओ एक्स-रे असतो. तिला खुर्चीत बसवलं, चमच्यात एक पांढरं औषध मिसळलं आणि मला काचेमागे उभं केलं. पडद्यावर तिची कवटी, दात, मानेचे मणके. आयुष्यभर ज्या चेहऱ्याकडे बघितलं तो आतून असा असतो. पांढरा घास जिभेवर गोळा झाला, थोडा थांबला. मी श्वास धरला. मग जीभ मागे गेली, झाकण पडलं आणि घास खाली सरकला. डॉक्टर म्हणाले, छान, घट्ट पदार्थ बरोबर जातात. पातळ मात्र अजून श्वासाच्या वाटेला लागतं.

म्हणजे गिळता येतं. मी लेकीला फोन केला आणि बोलता बोलता रडलो, लिफ्टसमोर, माणसांत.

१७ फेब्रुवारी

काहीतरी बिघडलं आहे. चमचा नेला की ती तोंड घट्ट मिटते. काल चार चमचे, आज एक. खोकला नाही, ताप नाही. घसा चालतो हे यंत्राने दाखवलं आहे.

१९ फेब्रुवारी

एकही नाही. वर चमचा माझ्याकडे ढकलते. डाव्या हाताने, माझं मनगट धरून, उलटा. मोठ्या डॉक्टरांनी सुरुवातीला सांगितलं होतं की काही दिवस तिचा दिशांचा घोटाळा होईल. तसंच असणार. कुठलं तोंड कुणाचं हेही कळेना झालंय.

२१ फेब्रुवारी

मोठे डॉक्टर उभ्या उभ्या बोलून गेले. नाकातली नळी फार दिवस ठेवता येत नाही. नाकाला आत जखम झाली आहे. तोंडाने पुरेसं जात नसेल तर पोटाला छोटं भोक पाडून नळी थेट जठरात बसवायची. दोन मार्चची तारीख दिली. म्हणाले, कधी कधी पेशंटच हिंमत सोडतो, मग जबरदस्ती करू नये.

बाई आणि हिंमत सोडणार? पण तोंड मिटते हे खरं. तिला विचारलं, कंटाळलीस का? तिने डोळे मिटून घेतले. त्याचा अर्थ मी काय घ्यायचा?

२३ फेब्रुवारी

लग्नाआधी दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही एकाच डब्यातून जेवायचो. मी एका हाताने घास घ्यायचो आणि पायाने मशीन चालू ठेवायचो, कामाचा रेटा असायचा. तिने एकदा चाकाचा पट्टाच काढून हातात घेतला. म्हणाली, जेवताना पाय थांबवायचा, सगळं रक्त पोटाकडे जाऊ द्यायचं. तेव्हापासून आमच्या घरात जेवताना मशीन चाललं नाही. ती सावकाश चावायची, एकेक घास. वर्गात मुलांना पावाचा कोरडा तुकडा देऊन चावायला लावायची, गोड लागेपर्यंत. लाळेने पिष्टाची साखर होते हे पुस्तकात वाचण्यापेक्षा जिभेला कळू दे, म्हणायची. त्या चाचणीत मी दरवेळी नापास. गोड लागायच्या आत माझा घास जठरात.

एक्केचाळीस वर्षं समोरासमोर बसून जेवलो. एकदाही वाटलं नाही की हे काहीतरी आहे. जेवण ते, रोजचं.

आज चहा दोनदा घेतला. दुसरा अर्धाच गेला.

२४ फेब्रुवारी

लेक आली. आईला भेटली, मग मला मिठी मारली आणि एकदम मागे सरून माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, बाबा, हे काय? मी म्हटलं, प्रवासाने दमली आहेस, बस. ती बाहेर जाऊन गिळण्याच्या डॉक्टरणीशी बराच वेळ बोलत होती. आईबद्दलच असणार.

बाईने आज पुन्हा चमचा ढकलला. थोडं माझ्या शर्टावर सांडलं.

२६ फेब्रुवारी

आजचं सगळं लिहायचं आहे.

साडेबाराला गिळण्याची डॉक्टरीण आली. आज ती काही करायला आली नव्हती, नुसती खुर्ची ओढून बसली. म्हणाली, तुम्ही रोज देता तसं द्या. कुस्करलेला बटाटा होता. मी चमचा नेला, बाईने तोंड मिटलं. मी म्हटलं, बाई, एकच. तिने माझं मनगट धरलं आणि चमचा माझ्याकडे वळवला.

"काका, हे किती दिवस चाललं आहे?"

मी म्हटलं, आठवडा झाला. दिशांचा घोटाळा होतो तिचा.

ती म्हणाली, कंगवा दिला तर त्या स्वतःचेच केस विंचरतात. काल चष्मा स्वतःच्याच नाकावर लावला. घोटाळा फक्त चमच्याचाच होतो का? मग विचारलं, "तुम्ही आज काय जेवलात?"

मी चहा म्हणालो. काल? आठवेना. वही उघडली. वहीत बाईचा थेंबन् थेंब लिहिलेला. माझं कुठेच काही नव्हतं.

तिने उठून माझा शर्ट कडेने चिमटीत धरला. फिटिंगच्या वेळी आम्ही जादा कापड धरतो, अगदी तसा. मूठभर आला. लेक खिडकीशी तोंड फिरवून उभी होती. मी सगळ्या गावाची मापं घेतली, बघूनच सांगतो कोण वाढलं आणि कोण उतरलं. मला वाटत होतं कापड सैल पडतंय.

बाई माझ्याकडे बघत होती. गृहपाठ न करता आलेल्या मुलाकडे बघते तशी. रागाने नाही. वाट बघत.

मी तो चमचा स्वतःच्या तोंडात घातला. बिनमिठाचा बटाटा. चावायला काही नव्हतंच, तरी तोंडात फिरत राहिला. माझा घसा धडधाकट, झाकण चालू, सगळं जागेवर, आणि मला गिळता येईना. डोळ्यांत पाणी आलं. बाई माझ्या मानेकडे बघत होती, त्या दिवशी काचेमागून मी बघत होतो तशी, घास कुठपर्यंत गेला ते. किती वेळ गेला कोण जाणे. गेला एकदाचा.

मग तिने तोंड उघडलं.

एक चमचा तिला, एक मला. वाटी संपली. तिला लागलेले चमचे सिस्टरने मोजले, अकरा. मी मात्र माझे मोजायला विसरलो.

२७ फेब्रुवारी

लेकीने दोन डबे आणले. एक मऊ, एक साधा. पलंगावरचं टेबल पुढे ओढून समोरासमोर बसलो. बाईला पस्तीस मिनिटं लागली. मी लवकर संपवला तेव्हा तिने नुसतं डब्याकडे बघितलं. मी अजून थोडं घेतलं.

२ मार्च

पोटाच्या नळीची तारीख पुढे ढकलली. मोठे डॉक्टर म्हणाले, असंच चालू राहू दे, आठवड्याने बघू.

६ मार्च

बाई ६०० मिलीएवढं तोंडाने. मी, दोन वेळ. हेही लिहायचं असं लेकीने बजावलं आहे.

आज तिच्या तोंडून "पाणी" आलं. पाणी अजून देता येत नाही, घट्ट करूनच द्यावं लागतं. चमच्याने दिलं. तिने तोंड वाकडं केलं. चव भिकार लागते, मी घेऊन बघितली आहे.

९ मार्च

नाकातली नळी काढली. दोन महिने तिथे चिकटपट्टी होती, तेवढी जागा गोरी राहिली आहे. गिळण्याच्या डॉक्टरणीने जाताना कापडी आतडं मागून घेतलं. बाकीच्या पेशंटना दाखवायला हवं आहे म्हणाली. मी बाईकडे बघितलं. ती हो म्हणाली, तोंडाने. उसवलेले टाके घालून दिले.

१२ मार्च

घरी. जिन्यावर दोन माणसांनी खुर्ची उचलली. लेकीने स्वयंपाकघरातल्या वस्तू इकडच्या तिकडे लावल्या आहेत, चहाची चाळणी सापडायला अर्धा तास गेला. बाईने डाव्या हाताने टेबलावरून हात फिरवला, धूळ आहे का ते बघितलं.

१५ मार्च

लेक परत गेली. जाताना माझ्या शर्टाची बाजू चिमटीत धरून बघितली. थोडं कमी आलं.

डॉक्टरांनी सांगितलं आहे की उजवा हात पूर्वीसारखा होईलच असं नाही. पातळ पाण्याचंही सांगता येत नाही. बाईला हे सांगायचं की नाही, याचा विचार करत होतो, पण सांगितलं. तिने मान हलवली. तिला आधीच माहीत होतं.

२१ मार्च

दुकान खाली, आम्ही वर, म्हणून एक मशीन वर आणून खिडकीशी लावलं आहे. सकाळपासून एक पडदा शिवत होतो. बाई शेजारच्या खुर्चीत डाव्या हाताने अक्षरं गिरवत होती. पहिलीतल्या मुलासारखी, जीभ बाहेर काढून.

दोरा संपला म्हणून मशीन थांबवलं. खोली एकदम शांत झाली. आणि पोटाचा आवाज आला. चांगला लांबलचक, बादली सरकवल्यासारखा.

मला इतका आनंद झाला. नळीचं अन्न ठरल्या वेळी जायचं, त्यामुळे तिला भूक अशी लागलीच नव्हती. डॉक्टरीण म्हणाली होती की रिकामं जठर आखडायला लागलं, आवाज करायला लागलं की समजा गाडी रुळावर आली. मी म्हटलं, "बाई, ऐकलंस? तुझं पोट बोललं."

तिने नाही म्हणून मान हलवली. पेन खाली ठेवलं, डावा हात उचलला आणि माझ्याकडे बोट केलं. तोंड हलायला लागलं, ओठ जुळेनात, पुन्हा जुळवले. शब्द आला, जरासा वाकडा, पण पुरा.

"तुमचं."

मी पोटावर हात ठेवला. आतून पुन्हा गुरगुर झाली, हाताला कळली. ती हसायला लागली, अर्ध्या चेहऱ्याने, आवाज करून.

पडदा मशीनवर तसाच सोडून मी उठलो आणि बटाटे उकडायला ठेवले. चार.